प्रत्येकाच्या हाताला प्रयोग: पदवी प्रयोगशाळेत सर्वसमावेशक प्रात्यक्षिके कशी घ्यावीत

सत्राच्या सुरुवातीच्या एखाद्या प्रात्यक्षिकाला शिक्षकाने काहीही न शिकवता फक्त एक नोंद ठेवावी: कोणत्या टेबलावर उपकरण कोणाच्या हातात आहे. दर दहा मिनिटांनी प्रयोगशाळेतून एक फेरी मारावी आणि ब्युरेटची (द्रावण थेंबाथेंबाने सोडणाऱ्या मापननळीची) तोटी कोण फिरवत आहे, रीडिंग कोण लिहीत आहे, कोण नुसते पाहत उभे आहे, हे हजेरीपटाच्या समासात टिपावे. तासाच्या शेवटी जे चित्र दिसते ते बहुतेक ठिकाणी सारखेच असते. आत्मविश्वासाने बोलणारे, इंग्रजी माध्यमातून आलेले दोन-तीन विद्यार्थी उपकरणे हाताळतात, मुलींकडे सुवाच्य अक्षराच्या नावाखाली तक्ता भरण्याचे काम येते, आणि कसाऱ्याहून किंवा कर्जतहून गाडी बदलत उशिरा पोहोचलेला विद्यार्थी शेजारच्याच्या वहीतून आकडे उतरवतो. तीन तासांनंतर सगळ्यांच्या जर्नलवर सही होते, पण प्रयोग काही जणांनीच केलेला असतो.

प्रात्यक्षिक परिणामकारक करणे आणि ते सर्वसमावेशक करणे ही दोन वेगळी कामे आहेत असे मी मानत नाही. ज्या विद्यार्थ्याच्या हाताने प्रयोगातला एकही निर्णय घेतला नाही त्याच्यापुरते ते प्रात्यक्षिक झालेलेच नसते, मग त्यामागचे कारण दृष्टिदोष असो, भाषा असो, संकोच असो वा काचसामान फुटण्याची भीती असो. पुढील सूचना मुख्यतः रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील आहेत, कारण माझे काम तिथले आहे. पण भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्राच्या शिक्षकांनाही त्यांतील बऱ्याचशा तशाच्या तशा वापरता येतील.

प्रात्यक्षिक कशासाठी आहे ते आधी ठरवावे

व्याख्यानात शिकवलेले पक्के व्हावे म्हणून प्रात्यक्षिक ठेवायचे, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. २००१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी कार्ल वीमन आणि त्यांच्या सहकारी संशोधक नताशा होम्स यांनी अमेरिकेतील विद्यापीठांतल्या प्रास्ताविक भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळा तपासल्या, तेव्हा केवळ याच हेतूने आखलेली प्रात्यक्षिके केलेले आणि न केलेले विद्यार्थी लेखी परीक्षेत सारखेच ठरले. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप करायचा तेच त्यातून साधत नाही. मोजमापातील अनिश्चितता ओळखणे, आलेल्या आकड्यावर कितपत विश्वास ठेवावा हे ठरवणे, रीत बदलून पुन्हा मोजणे, या गोष्टी मात्र प्रयोगशाळेखेरीज कुठेही शिकता येत नाहीत. म्हणून प्रत्येक प्रात्यक्षिकासाठी असे एकच कौशल्य ठरवावे, ते फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहावे आणि ते प्रत्येकाला साधले की नाही एवढेच त्या दिवशी तपासावे. यामुळे समावेशाचा प्रश्नही सोपा होतो. अनुमापनाचे, म्हणजे टायट्रेशनचे, उद्दिष्ट ‘गुलाबी रंग ओळखणे’ असेल तर रंगांधळा विद्यार्थी वगळला जातो. उद्दिष्ट ‘अंतिम बिंदू (अभिक्रिया पूर्ण होते तो क्षण) निश्चित करणे’ असेल तर पीएच मीटरनेही तो निश्चित करता येतो.

बॅच येण्यापूर्वीची तयारी

ग्लासगो विद्यापीठातील रसायनशिक्षणाचे अभ्यासक अलेक्स जॉनस्टन यांनी दाखवून दिले होते की प्रयोगशाळेत विद्यार्थ्याच्या मनावर एकाच वेळी फार मोठा भार पडतो. नवी उपकरणे, नवी नावे, लेखी सूचना, तोंडी सूचना आणि शेजाऱ्याच्या हालचाली हे सगळे तो एकदम पेलू पाहतो, आणि शेवटी विचार बाजूला ठेवून पायऱ्या गिरवतो. आपल्याकडे त्यात भाषेची भर पडते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याला आम्ल, आम्लारी, द्रावण, दर्शक हे सगळे नीट समजलेले असते. अकरावीला तेच ज्ञान दुसऱ्या भाषेत नव्याने ओळखावे लागते आणि पदवीच्या पहिल्या वर्षापर्यंत ती ओळख पुरती झालेली नसते. त्यामुळे प्रयोगाच्या कागदावर उपकरणांची व रसायनांची नावे इंग्रजी आणि मराठी दोन्ही द्यावीत, आणि सूचनेच्या प्रत्येक वाक्यात एकच कृती ठेवावी. डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्यालाही याच मांडणीचा उपयोग होतो.

उपकरणांची जुळणी आणि पहिले रीडिंग यांचे तीन-चार मिनिटांचे चित्रीकरण फोनवर करून बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आदल्या दिवशी टाकावे. त्यावर मराठी किंवा इंग्रजी मजकुराच्या ओळीही द्याव्यात, म्हणजे श्रवणदोष असलेल्या विद्यार्थ्याला आणि गर्दीच्या लोकलमध्ये आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यालाही ते कळते. याचा दुसरा फायदा मोठा आहे. पावसाळ्यात मध्य रेल्वेच्या गाड्या रखडतात, ट्रान्स-हार्बर लोकलमार्गावर एक गाडी चुकली की पुढचीपर्यंत ताटकळावे लागते, आणि शहापूर-मुरबाडकडून एसटीने येणाऱ्याला तर पर्यायच नसतो. ज्या प्रयोगशाळेत सगळे समजावणे पहिल्या पंधरा मिनिटांत उरकते, तिथे हे विद्यार्थी सत्रभर मागे राहतात. म्हणून प्रात्यक्षिकाचा सर्वात महत्त्वाचा भाग पहिल्या अर्ध्या तासात ठेवू नये.

जर्नलमध्ये सिद्धान्ताची दोन पाने आधी उतरवून आणण्याची सक्ती बंद करावी. त्याऐवजी प्रयोगाचा ओघतक्ता, त्यातील धोके आणि उत्तर साधारण किती येईल याचा अंदाज, एवढे एका पानावर आणण्यास सांगावे. अंदाज चुकला तरी हरकत नसते, कारण चुकलेला अंदाजच पुढे प्रश्न विचारायला लावतो.

एक प्रात्यक्षिक जवळून: पाण्याचा कठीणपणा

ईडीटीए (कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला बांधून घेणारे रसायन) वापरून पाण्याचा कठीणपणा मोजणे हे जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयात होणारे प्रात्यक्षिक आहे. सहसा प्रयोगशाळा सहायक एका मोठ्या बाटलीत नमुना तयार करून ठेवतात, सगळी बॅच तोच नमुना मोजते, आणि कोणाचा तरी सी.बी.आर. (लागोपाठ सारखे आलेले ब्युरेटचे रीडिंग) तासाभरात साऱ्या टेबलांवर पोहोचतो. उत्तर आधीपासून ठरलेले असल्याने आकडे जुळवणे हीच विद्यार्थ्याच्या दृष्टीने शहाणपणाची रीत ठरते.

तेच प्रात्यक्षिक विद्यार्थ्यांनी आणलेल्या पाण्यावर करावे. प्रत्येकाने स्वच्छ विसळलेल्या बाटलीत अर्धा लिटर पाणी आणावे: नळाचे, बोअरवेलचे, टँकरचे, विहिरीचे, जे मिळेल ते. बाटलीवर नाव किंवा पत्ता न लिहिता केवळ स्रोताचा प्रकार लिहावा. ही खबरदारी आवश्यक आहे, कारण आपण कुठे राहतो आणि घरी पाणी कसे येते हे बॅचपुढे उघड करण्याची इच्छा प्रत्येकाला असतेच असे नाही. एकेक नमुना दोन विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे मोजावा आणि दोघांचे आकडे जुळेपर्यंत एकमेकांच्या पद्धतीत काय वेगळे होते ते शोधावे.

५० मिलिलिटर नमुना, ०.०१ मोलर ईडीटीए, पीएच १० राखण्यासाठी अमोनिया व अमोनियम क्लोराइडचे बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक, एवढीच सामग्री लागते. या तीव्रतेचे १ मिलिलिटर ईडीटीए १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतक्या कठीणपणाशी जुळते; म्हणजे ५० मिलिलिटर नमुन्यासाठी आलेले रीडिंग २० ने गुणले की मिलिग्रॅम प्रति लिटर मिळतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा २०० आणि दुसरा स्रोत नसल्यास चालणारी मर्यादा ६०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. १० मिलिलिटर हे रीडिंग नेमके पहिल्या मर्यादेवर पडते, आणि ही गोष्ट विद्यार्थ्याला स्वतः शोधू द्यावी.

यानंतर प्रयोगाचे खरे शिक्षण सुरू होते. नवी मुंबईच्या नळाला येणारे मोरबे धरणाचे पाणी हे साठवलेले पावसाचे पाणी आहे, तर बोअरवेलचे पाणी बेसॉल्ट खडकातून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवत येते. म्हणून धरणाच्या पाण्याचे रीडिंग सहसा लहान येते. समजा ते २ मिलिलिटर आले. ब्युरेटवरचा सर्वात लहान भाग ०.१ मिलिलिटरचा असतो आणि एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा. मग या २ मिलिलिटरवर विश्वास किती ठेवावा? नमुना १०० मिलिलिटर घ्यावा, की ईडीटीए पातळ करावे? येथे शिक्षकाने उत्तर देण्याचा मोह टाळावा आणि दोघा विद्यार्थ्यांना निर्णय घेऊन तो अमलात आणू द्यावा. शेवटच्या वीस मिनिटांत सगळ्यांचे आकडे स्रोताच्या प्रकारानुसार फळ्यावर मांडावेत. एरवी मागच्या टेबलावर गप्प बसणाऱ्या विद्यार्थिनीने गावच्या विहिरीचे पाणी आणलेले असते आणि सगळी बॅच तिच्या आकड्याबद्दल प्रश्न विचारू लागते, हे मी पाहिले आहे. तिला प्रोत्साहनाचे वेगळे शब्द त्या दिवशी लागत नाहीत, कारण तिच्याजवळ असलेली माहिती दुसऱ्या कोणाजवळ नसते.

याच प्रात्यक्षिकात अडचणी कुठे येतात तेही पाहावे. अमोनियाच्या बफरचा दर्प दमा असलेल्याला त्रास देतो, म्हणून बफर ड्रॉपरच्या छोट्या बाटल्यांत भरून धूरकोठीत किंवा खिडकीपाशी ठेवावे. दर्शकाचा रंग मद्यासारख्या लालवरून निळा होतो आणि मधली जांभळी छटा फसवी असते. तेव्हा एका फ्लास्कमध्ये अंतिम बिंदूपूर्वीचा आणि दुसऱ्यात नंतरचा रंग तयार करून प्रत्येक टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवावा. रंग नीट ओळखू येणारे विद्यार्थीही मग या दोन फ्लास्कांकडे पाहूनच थांबतात आणि त्यांची रीडिंगही अधिक जुळतात.

रंग, उंची, आवाज

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद केली आहे. वाजवी सोयी पुरवणे हे या कायद्यानुसार संस्थेचे कर्तव्य आहे. तरीही केवळ प्रमाणपत्र दाखवणाऱ्या विद्यार्थ्यापुरती तयारी पुरत नाही. लाल-हिरव्या रंगांधळेपणाचा त्या २१ प्रकारांत समावेश नाही. त्याची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे तो मुलांमध्ये मुलींपेक्षा बराच अधिक आढळतो, आणि पुष्कळदा विद्यार्थ्याला स्वतःलाच त्याची कल्पना नसते. मिथाइल ऑरेंजचा लाल ते पिवळा बदल, ज्योत परीक्षेतील बेरियमची हिरवी आणि कॅल्शियमची विटकरी छटा, इलेक्ट्रॉनिक्समध्ये रोधावरील तपकिरी, लाल आणि नारिंगी पट्ट्या, या तिन्ही ठिकाणी तो अडतो. अशा विद्यार्थ्याला ‘नीट बघ’ असे सांगण्याने काहीच साधत नाही. अनुमापनाला पीएच मीटर किंवा वाहकतामापक, रोधाला मल्टिमीटर आणि ज्योतीला साधा हातातला वर्णपटदर्शक हा पर्याय पहिल्या दिवसापासून सर्वांसाठी खुला ठेवावा, म्हणजे कोणालाही हात वर करून आपला दोष जाहीर करावा लागत नाही.

अल्पदृष्टी असलेल्या विद्यार्थ्यासाठी पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळी पट्टी चिकटवून तो ब्युरेटच्या मागे धरावा आणि फोनचा कॅमेरा मोठा करून मेनिस्कस (द्रवाची वक्र पातळी) वाचू द्यावा. पूर्ण अंध विद्यार्थ्याला ठरावीक मापांवर खाचा केलेली सिरिंज आणि बोलका थर्मामीटर यांनी स्वतःच्या हाताने मोजता येते. सोबतचा मदतनीस त्याचे डोळे असावा, त्याचा निर्णय नसावा. मुंबईतील सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे दृष्टिबाधितांसाठीचे साधन केंद्र अशा बाबतींत अनुभवी आहे आणि लांबही नाही. श्रवणदोष असलेला विद्यार्थी बॅचमध्ये असेल तर फळ्याकडे तोंड करून बोलू नये, बोलताना एक्झॉस्ट पंखा थोडा वेळ बंद करावा, आणि धोक्याची सूचना हाकेने देण्याऐवजी दिवा उघडझाप करून देण्याची खूण सर्वांना आधीच सांगून ठेवावी.

उभ्याने काम करण्याच्या टेबलांची उंची साधारण तीन फूट असते. चाकाच्या खुर्चीवरच्या विद्यार्थ्याला त्यापेक्षा अर्धा फूट खालचे, पायांना खाली मोकळी जागा असलेले टेबल लागते, आणि दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर असावी लागते. संपूर्ण प्रयोगशाळा नव्याने बांधण्याची वाट पाहण्याची गरज नाही. दाराजवळचे एक टेबल, तिथे पोहोचणारी पाण्याची तोटी आणि गॅसची कळ, एवढे बदल एका सुट्टीत होतात. उंचीने लहान विद्यार्थिनीला स्टुलावर चढून ब्युरेट भरायला लावू नये. ब्युरेट स्टँडसकट खाली उतरवून, फनेलची कड डोळ्यांच्या पातळीखाली ठेवूनच भरावी, आणि हा नियम उंच मुलांनाही लागू असावा. डावखुऱ्या विद्यार्थ्याला तोटी उलट बाजूस फिरवून घेण्याची मुभा आहे हे स्पष्ट सांगावे. बसून करता येईल असे काम उभे राहून करण्याची सक्ती नसावी. पालघर आणि शहापूरकडच्या आदिवासी समाजांतून येणाऱ्या काही विद्यार्थ्यांना सिकल सेलचा आजार असतो, त्यात थकवा आणि वेदना दिसून येत नाहीत, आणि तीन तास उभे राहणे त्यांना खरोखरच झेपत नाही.

ओढणी, पदर, हिजाब यांविषयी सुरक्षिततेची सूचना सर्वांना एकाच वाक्यात द्यावी: सैल टोक कोटाच्या आत असावे आणि ज्योतीजवळ कृत्रिम धाग्याचे कापड नसावे. कोणा एकीकडे पाहून ती देऊ नये.

जोड्या आणि पाळ्या

जोड्या विद्यार्थ्यांवर सोडल्या की मैत्री आणि भाषा यांच्या रेषेवर त्या पडतात. शिक्षकाने त्या ठरवाव्यात आणि दर तीन प्रात्यक्षिकांनी बदलाव्यात. जोडीत पायलट रीडिंग (पहिले ढोबळ रीडिंग) एकाने घेतले तर पुढचे रीडिंग दुसऱ्याने घ्यावे, आणि कोणते रीडिंग कोणी घेतले ते तक्त्यात आद्याक्षरांनी लिहावे. हा छोटा रकाना सुरू केल्यावर उपकरण एकाच हातात राहणे बरेच कमी होते, कारण दोन्ही आद्याक्षरे नसलेल्या तक्त्यावर सही होत नाही.

फुटलेल्या काचेचा प्रश्न

या विषयाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, पण माझ्या मते समावेशाच्या दृष्टीने तो पहिल्या तीनांत यावा. पिपेट किंवा मोजफ्लास्क फुटला की ब्रेकेजची रक्कम विद्यार्थ्याकडून वसूल करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ज्याच्या घरी पासाचे पैसेही मोजून दिले जातात तो विद्यार्थी ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात शिकतो, आणि त्यानंतर काचसामानाला हात न लावणे हे त्याचे धोरण होते. शिक्षकाला तो निरुत्साही वाटतो. विभागप्रमुखांशी बोलून वैयक्तिक वसुली बंद करावी आणि मोडतोडीचा खर्च विभागाच्या तरतुदीतून करावा. फुटलेली वस्तू लपवली न जाता लगेच सांगितली जाणे हे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही अधिक मोलाचे आहे. जिथे शक्य आहे तिथे लहान प्रमाणावरील पद्धती वापराव्यात: रसायन कमी लागते, धूर कमी होतो, आणि फुटले तरी टेस्ट ट्यूबच फुटते. लॅब कोट आणि चष्मे यांचा एक संच विभागाने उसने देण्यासाठी ठेवावा, आणि ते मागणाऱ्याची नोंदवही दाराशी उघडी ठेवू नये.

या सर्व गोष्टींत प्रयोगशाळा सहायक आणि परिचर यांना सुरुवातीपासून सहभागी करून घ्यावे. कोण घाबरतो, कोण एकट्याने चांगले काम करतो, कोण दरवेळी शेवटी उरतो, हे त्यांना शिक्षकाच्या आधी कळलेले असते.

गुण कशाला द्यावेत

प्रमाणित उत्तराच्या किती जवळ आला यावर गुण दिले की विद्यार्थी उत्तरापासून मागे हिशेब करून रीडिंग तयार करतो. हे त्याच्या स्वभावापेक्षा आपल्या गुणपद्धतीतून घडते. कच्ची रीडिंग पेनाने, तारखेसह, प्रयोगाच्या वेळीच लिहिलेली असावीत. चुकलेला आकडा एकाच रेषेने खोडलेला आणि वाचता येईल असा असावा, आणि अशा खोडलेल्या आकड्यामागचे कारण लिहिणाऱ्याला गुण मिळावेत. पावसाळ्यात याचे चांगले उदाहरण आपोआप मिळते: दमट हवेत सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात, वजन करून बनवलेल्या द्रावणाची तीव्रता लेबलाशी जुळत नाही, आणि ऑक्झॅलिक आम्लाने ती निश्चित करावी लागते. ज्याने ‘माझे उत्तर का जुळले नाही’ याचा असा मागोवा घेतला त्याने जुळलेल्या उत्तरापेक्षा अधिक काम केले आहे.

एका प्रात्यक्षिकात चार-पाच विद्यार्थ्यांचेच एखादे कौशल्य स्वतंत्रपणे, त्यांच्या टेबलापाशी जाऊन तपासावे. पिपेट बल्बने भरणे, खुणेपर्यंत द्रावण करणे, व्हर्निअर वाचणे, असे काहीही. सत्राअखेर प्रत्येकाची पाळी येते आणि शेवटच्या परीक्षेच्या दिवसाचे दडपण हलके होते. जमले नाही तर पुन्हा करून दाखवण्याची संधी असावी आणि दुसऱ्या खेपेचे गुण पूर्ण धरावेत.

तोंडी परीक्षेत प्रश्न विचारल्यावर थोडे थांबावे आणि उत्तर मराठीत किंवा हिंदीत आले तरी ते स्वीकारावे. संज्ञा इंग्रजी असल्या तरी चालते, वाक्य विद्यार्थ्याचे असावे. ‘बफर का घातले?’ यापेक्षा ‘बफर घालायला विसरलात तर रीडिंगचे काय होईल?’ हा प्रश्न चांगला, कारण त्याचे उत्तर पाठ करून आणता येत नाही. ज्याला बोलताना अडखळायला होते त्याला उपकरणासमोर उभे राहून करून दाखवू द्यावे. आणि ज्यांची प्रात्यक्षिके गाड्या बंद पडल्याने, आजारपणाने किंवा घरच्या अडचणीने बुडाली त्यांच्यासाठी जुलै-ऑगस्टनंतर पुनरावृत्तीचे दोन दिवस सत्राच्या वेळापत्रकातच छापावेत, म्हणजे त्यासाठी कोणाला विनंतीअर्ज घेऊन दाराशी उभे राहावे लागणार नाही.